ड्रम कुठेही लावा

१२ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

मी सुखरूप आहे. हे आधी लिहिते, कारण बातमी तिकडच्या पेपरातही आली असेल आणि कॉलेजचं नाव वाचून तू घाबरला असशील. किंवा नसशीलही. अकरा वर्षं झाली, तुझ्याबद्दल मी आता छातीठोकपणे काही सांगू शकत नाही.

पत्ता वहिनीमुळे मिळाला. ती दर वर्षी मला एक कार्ड टाकते. तुला माहीत नसेल तर तिच्यावर रागावू नकोस, तुझ्या तब्येतीपलीकडे त्यात काही नसतं.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या कॉलेजमागच्या खाणीत तरंगता मंच उलटला. खाण जुनी, दगडाची. आता पाण्याने भरलेली आहे आणि काठापासून चार पावलांवर दोन पुरुष पाणी आहे. कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांचा पाण्यावर फोटो काढायचा होता. मंचावर आम्ही एकतीस जण होतो. बाहेर तीस आलो.

माझ्या डाव्या मनगटाला टाके पडलेत. बाकी काही नाही. लोक भेटायला येतात, मी चहा करते, ते 'तुम्ही बसा' म्हणतात, मी बसते. कप कुणी विसळले ते मला आठवत नाही.

मंचाचा हिशेब बरोबर होता. काल तो मी चार वेळा तपासला. चारही वेळा उत्तर तेच आलं. हिशेब कुणी केला ते आत्ता महत्त्वाचं नाही.

मला तुला एकच विचारायचंय. तुझी बोट गेली तेव्हा किती वेळ लागला? (इथे आधी दुसरा शब्द लिहून खोडलाय, तो वाचू नकोस.) मला कायम वाटायचं की हे हळूहळू होत असेल. म्हणजे माणसाला कळत असेल, हाक मारायला वेळ मिळत असेल. इथे पलीकडच्या कड्यावरून फोटोवाला 'हसा' म्हणाला आणि आम्ही हसलो. माझ्या तोंडात पाणी गेलं तेव्हा मी हसतच होते. दादा, मी अजून तिथेच अडकले आहे. हसू कधी थांबलं ते मला सापडत नाही.

एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बारकी

१७ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहितेय. इथे मला बोलायला कुणी नाही. जी होती तिच्याबद्दलच लिहायचंय.

आमच्या ग्रंथपाल बाई. एकोणीस वर्षं आम्ही दोघी दुपारचा डबा एकाच टेबलावर खाल्ला. मी अखंड बोलणार आणि ती पुस्तकांच्या कण्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत 'हं' म्हणणार. तुझं-माझं बिनसलं तेव्हा कॉलेजात तेवढी तिलाच कल्पना होती. मी तिला सगळं सांगितलं होतं, म्हणजे माझ्या बाजूचं सगळं. ती म्हणाली होती, "भावाला एक पत्र टाक." मी म्हटलं, चूक त्याची आहे. ती 'हं' म्हणाली.

त्या दिवशी ती मंचावर चढणार नव्हती. फळीच्या अलीकडे चपला हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "मला नको गं. मी इथूनच बघते." सगळे तिला बोलवत होते, पण ती हलेना. मग मी परत फळीवरून काठावर आले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "अगं ये, हे बुडणारच नाही. माझा हिशेब आहे."

पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही. हिशेब माझा होता.

प्राचार्यांनी डिसेंबरात सुताराला बोलावून मंचाचं काम दिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, फिजिक्स तुमचं. किती ड्रम लागतील ते तुम्हीच काढून द्या." मी तर हरखूनच गेले. सव्वीस वर्षं मी पहिल्या वर्षाला तरंगणाऱ्या वस्तूंची गणितं शिकवतेय. लाकडाचा ठोकळा, घनता सहाशे, पाण्यात किती बुडेल? एक तराफा, त्यावर किती माणसं उभी राहतील? खरा तराफा कधी कुणी विचारला नव्हता. मी ते गणित वर्गात फळ्यावरच सोडवलं. दोनशे लिटरचा बंद ड्रम पूर्ण बुडाला तर दोनशे किलो उचलतो. चोवीस ड्रम, चार हजार आठशे. फळ्या, चौकट आणि ड्रमांचं स्वतःचं वजन मिळून अकराशेच्या आसपास. माणसं एकतीस, पासष्टने धरली तर दोन हजार पंधरा. शंभर किलो वरचं सामान. म्हणजे दोन-तृतीयांश भार. एक-तृतीयांश ड्रम पाण्याबाहेर राहणार. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी खोटं कशाला सांगू, मला आवडलं होतं.

आणि तसंच झालं. आम्ही सगळे चढलो तेव्हा मी वाकून पाहिलं. ड्रम एक-तृतीयांश बाहेर होते. मी तिला दाखवलंसुद्धा.

मग फोटोवाला ओरडला, "मागचे दिसत नाहीत, सगळे जरा पुढे या." आम्ही पुढे गेलो, मंचाच्या पलीकडच्या कडेला. खेटून उभे राहिलो. तो म्हणाला, "अजून थोडं." पुढचं तुला लिहिलंय.

मी वर आले तेव्हा मंच समोर होता. पालथा. चोवीस निळे ड्रम आकाशाकडे पाठ करून. प्रत्येक ड्रम शाबूत, एकालाही चीर नाही, एकाही ड्रममध्ये थेंबभर पाणी गेलं नव्हतं. कडेने शोभेसाठी पांढऱ्या कापडाची झालर ठोकली होती. ती पाण्यात पसरली होती. लोकांनी दोर टाकले, माळ्याने दोघा-तिघांना ओढून काढलं. काठावर आल्यावर मी मोजायला लागले. मोजणं माझ्या हाडात आहे. तीस आले. पुन्हा मोजलं, तीस. स्वतःला धरायचं राहिलं असेल म्हणून पुन्हा मोजलं.

ती मंचाखाली होती. झालरीत पाय अडकला होता.

माझा शब्द खरा ठरला, दादा. मंच बुडाला नाही. ट्रॅक्टर आणून ओढेपर्यंत तो तरंगतच होता.

सुताराला परवा चौकशीसाठी नेलं, अजून सोडलेलं नाही. काल प्राचार्य घरी आले होते. बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघत बसले. मग म्हणाले, की चौकशी समितीला एक तांत्रिक टिपण लागेल, मी दोन ओळी लिहून द्याव्यात. हिशेबानुसार मंच सुरक्षित होता, त्याअर्थी सुताराने वापरलेले ड्रम गळके असले पाहिजेत. "तुमच्या हिशेबावर बोट ठेवायची कुणाची हिंमत नाही, मॅडम. आणि कॉलेजचीही अब्रू राहील." ड्रम कुठे आहेत असं मी विचारलं. भंगारात दिले म्हणाले.

विचार करते, असं मी त्यांना सांगितलं.

बारकी

२१ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. मी 'विचार करते' म्हटलं नव्हतं. 'लिहून देते' म्हटलं होतं. प्राचार्य जिना उतरून गेल्यावर लगेच कागदही घेतला. 'त्याअर्थी ड्रम गळके असले पाहिजेत' इथपर्यंत लिहिलं आणि हात जागच्या जागी थांबला. हे वाक्य मी पूर्वी लिहिलेलं होतं. याच हाताने, याच शब्दांत. फक्त 'ड्रम'च्या जागी 'तळ' होता.

ते नंतर लिहिते. आधी ड्रमांचं सांगते, नाहीतर पुन्हा टाळीन.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात सुतार प्रयोगशाळेच्या दारात आला होता. मी पेपर तपासत होते. म्हणाला, "मॅडम, साहेब म्हणतात ड्रम बाहेरून दिसायला नकोत. दोन्ही बाजूंनी हातभर आत घेऊ का?" मी मान वर केली नाही. म्हटलं, "कुठेही लावा हो, चोवीस भरले म्हणजे झालं." तो तरी तिथेच घुटमळला. म्हणाला, "आत घेतले तर डुगडुगणार नाही ना?" मी म्हटलं, "वजन तेवढंच, पाणी तेवढंच. हिशेब बदलत नाही." तो गेला. त्याचा चेहरा मी पाहिलाच नाही, म्हणून तो कसा दिसत होता हे सांगता येत नाही.

काल मी प्रयोगशाळा उघडून बसले. प्लास्टिकचं एक चौकोनी झाकण घेतलं, खाली औषधाच्या रिकाम्या बाटल्या बुचं लावून बांधल्या आणि ते पाण्याने भरलेल्या मोठ्या तसराळ्यात सोडलं. वर पितळेची तीस छोटी वजनं ठेवली. आधी बाटल्या अगदी कडेला बांधल्या. वजनं एकेक करून एका बाजूला सरकवली. झाकण कललं, पण टिकलं. मग बाटल्या आत घेतल्या. तेवढ्याच बाटल्या, तेवढीच वजनं. पुन्हा सरकवायला लागले. अठरावं वजन सरकवलं आणि 'चुबुक' झालं. एवढासा आवाज. मी अकरा वेळा केलं. सतराव्या नाहीतर अठराव्या वजनाला, दर वेळी.

वर्गात मी आकृती काढते तेव्हा दोन बाण काढते. एक खाली, वजनाचा. एक वर, पाण्याच्या रेट्याचा. दोघांची लांबी सारखी आली की वस्तू तरंगते. सव्वीस वर्षं मी ते दोन बाण एकाच उभ्या रेषेवर, ठोकळ्याच्या बरोबर मधोमध काढत आले. ते एका रेषेवर असतील असं ठोकळ्याने मला कधी वचन दिलं होतं? माणसं एका बाजूला गेली की खालचा बाण त्यांच्याबरोबर जातो. वरचा बाणही सरकतो, पण खाली ड्रम जिथवर असतील तिथवरच. बाण अजून सारखेच लांब असतात. पण दोघांमध्ये अंतर पडतं, आणि ते अंतर सगळं उलटवून टाकतं. हे पुढच्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मला पाठ आहे. एवढी वर्षं पाठ आहे आणि दारात उभ्या असलेल्या माणसाने तोच प्रश्न त्याच्या भाषेत विचारला तेव्हा मला तो ओळखू आला नाही.

आता तुझं.

कपाटातून माझ्या साक्षीची प्रत काढली. अकरा वर्षांत उघडली नव्हती. बोट नऊ मीटर लांब, रिकामी असताना पंधरा सेंटिमीटर पाण्यात. तू सांगितलेली माणसं अडतीस. माझं उत्तर: बोट आणखी अकरा-साडेअकरा सेंटिमीटर खाली जाईल, काठ पाण्याच्या वर दीड फूट राहील. खाली माझी सही आणि त्यावर माझं वाक्य: 'या भाराने ही बोट बुडणे शक्य नाही, त्याअर्थी तळ गळका असला पाहिजे.'

तुझ्या बोटीच्या चौकशी समितीने मला बोलावलं तेव्हा नाही म्हणता आलं असतं. सख्खा भाऊ आहे, मला यातून वगळा, असं म्हटलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण मला दाखवायचं होतं की मी भाऊ म्हणून पाठीशी घालणाऱ्यातली नाही. त्या खोलीत तू माझ्या समोरच्या बाकावर होतास. तू म्हणालास, "मोठी लाँच आली, ती बघायला सगळे डावीकडे गेले. बोट उलटली." मधले साहेब म्हणाले, "म्हणजे बुडाली." तू म्हणालास, "बुडाली नाही. उलटली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, दादा, मी किंचित हसले. शब्दांचा घोळ करतोय बिचारा, अशा अर्थाने. तू तिसऱ्यांदा म्हणालास, "उलटली," आणि मग माझ्याकडे बघायचं थांबवलंस.

तो तळ तू दर वर्षी स्वतः पालथं पडून डांबराने भरायचास. तुझ्या कोपरांचे काळे डाग पावसाळा संपेपर्यंत जायचे नाहीत. मी तो तळ गळका ठरवला. तुझा परवाना गेला, बोट मोडीत निघाली, तू गाव सोडलंस. आणि एकोणीस वर्षं मी माझ्या मैत्रिणीला सांगत राहिले... नाही, अकरा वर्षं. बघ, साधी वजाबाकी चुकतेय.

टिपण फाडलं आहे. समितीपुढे सोमवारी जायचंय. सुताराला मी काय सांगितलं होतं ते तिथे सांगणार आहे. आणि तुझ्या बोटीबद्दलच्या माझ्या जुन्या साक्षीबाबत वेगळा अर्ज लिहिते आहे.

क्षमा माग असं मन म्हणतंय. पण कागदावर तो शब्द लिहून पाहिला तर फारच स्वस्त दिसला. खोडला.

बारकी

५ मार्च, सोमवार

दादा,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते आधी वहिनीचं समजले. तुझं अक्षर इतकं बदललंय. आता तुझीच वाक्यं पुन्हा इथे उतरवतेय, कारण ती वाचून माझा विश्वास बसत नाहीये. लिहून काढली की बसेल असं वाटतं.

'बारके, तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन न उघडता ठेवली होती. तिसरं आल्यावर एकत्र वाचली. किती वेळ लागतो विचारलंस. वेळ लागत नाही.

'तळ गळका नव्हता हे कागदावर येणार असेल तर मला ते पाहिजे. पण मग एक ऐक. माणसं अडतीस नव्हती. सेहेचाळीस होती. परवाना चाळिसाचा होता म्हणून मी अडतीस सांगितली. तू चुकलीस, मी खोटं बोललो. अर्ज करशील तर हेही त्यात घाल. अर्धं घालणार असशील तर अर्जच करू नकोस.

'बुडून गेली ती भाजीवाली म्हातारी, तिच्या घरी मी गेलो होतो. खरा आकडा तेवढ्या एका घरात सांगितला. सुनेने हाताला धरून बाहेर काढलं. तरी गेलो ते बरं केलं. तुझ्या मैत्रिणीच्या घरी कोण आहे? गेलीस का?'

मी हे उभ्याने वाचलं. मग स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले. सेहेचाळीस. अकरा वर्षं मी ज्या आकड्यावर उभी होते तोच खोटा. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी पेन्सिल घेऊन हिशेब करत बसले, सवय मेल्यावरच जाणार. आठ माणसं जास्त म्हणजे बोट जेमतेम अडीच सेंटिमीटर जास्त खाली. दोन बोटं, दादा. काठ तरी हातभर वर राहिला असता. तू खरा आकडा सांगितला असतास तरी मी तेच वाक्य लिहिलं असतं. मग मला हसू आलं. मग ते हसू माझं मलाच भयंकर वाटलं आणि मी तोंडावर हात दाबून धरला.

समितीचं सांगते. तिघे होते. प्राचार्य कोपऱ्यात बसले होते. माझ्या हातात टिपण नाही हे बघून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तो शेवटपर्यंत पुसतच होते. मी सुताराचा प्रश्न आणि माझं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे ड्रम आत घ्यायला तुम्ही परवानगी दिलीत?" मी म्हटलं, "परवानगी नाही दिली. प्रश्नच ऐकला नाही." त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत ना?" मला माहीत नव्हते. मी हो म्हटलं.

झाकण, बाटल्या आणि तसराळं मी बरोबर नेलं होतं. टेबलावर करून दाखवलं. अठराव्या वजनाला ते उलटलं तेव्हा तिघांपैकी एकाने चटकन हात पुढे केला, पकडायला. त्यांचे कागद भिजले.

सुताराला दुसऱ्या दिवशी सोडलं. मी पोलीस चौकीच्या दाराशी उभी होते. तो माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मला डुगडुग हाताला जाणवली होती. बांधतानाच. पण तुम्ही शिकलेल्या." एवढंच बोलून चालू लागला. मी हात जोडले होते, पण तोवर तो रस्ता ओलांडून गेला होता.

मला निलंबित केलंय. खटला होईल म्हणतात. वकील बघते आहे. तुझा अर्ज गेला, सेहेचाळीस या आकड्यासकट. तुझं पत्र त्याला जोडलं.

आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, गेले नाही. तिचा नवरा आहे. बस चालवतो. मूलबाळ नाही. अंत्यविधीला मी मागे, गर्दीच्या मागे उभी होते. त्याला वाटतं आम्ही दोघी एकत्र पडलो, त्यातली मी वाचले. समितीत मी ड्रमांचं सगळं सांगितलं, पण फळीवरून परत येऊन तिचा हात मी धरला हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते फक्त तुला माहीत आहे.

बारकी

१४ मार्च, बुधवार

दादा,

आज गेले होते.

त्याची पाळी दुपारी तीनला संपते, म्हणून चारला गेले. दुसरा मजला. दारावर अजून दोघांची नावं आहेत. त्याने दार उघडलं तेव्हा खाकी शर्टाची वरची दोन बटणं काढलेली होती आणि हातात पाण्याचा तांब्या होता. "या, बाई," म्हणाला. मला बसायला तिची खुर्ची दिली. ती तिची आहे हे मला खुर्चीवरच्या उशीमुळे कळलं. खुर्चीशेजारी वाचनालयाची तीन पुस्तकं होती, परत करायची. तारखा उलटून गेलेल्या.

मी ठरवून गेले होते की आधी विचारपूस करायची, मग हळूहळू वळण द्यायचं. पण बसल्याबसल्याच बोलून टाकलं. म्हटलं, ती चढणार नव्हती. काठावर उभी होती. मी परत आले, तिचा हात धरला आणि तिला नेलं.

त्याने हातातला तांब्या खाली ठेवला. मग दुसरीकडे ठेवला. मला वाटलं आता हाकलेल. तुझ्या पत्रातली ती सून माझ्या डोळ्यांसमोर होती, मी पदर सावरून उठायच्या तयारीत होते. तो म्हणाला, "लग्न झालं तेव्हा मी तिला नदीवर नेलं होतं. घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा उतरली नाही. तीस वर्षांत कधी उतरली नाही." आणि मग म्हणाला, "ती चढलीच कशी, हे मला कळत नव्हतं. महिना झाला, मी रोज बस चालवताना तेच शोधतोय. कुणी ढकललं का. माझ्यावर रागावून गेली होती का, म्हणून चढली का. आदल्या दिवशी आमचं थोडं वाजलं होतं."

महिनाभर मी माझी कातडी वाचवत गप्प बसले होते आणि इकडे हा माणूस ते स्वतःच्या माथी मारून घेत होता. मी म्हटलं, "नाही हो. माझ्यामुळे. मी बुडणार नाही म्हटलं म्हणून."

त्याने विचारलं, "तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"आणि ती काय म्हणाली?"

ती म्हणाली होती, "बरं बाई, तुझं गणित आहे म्हणून." पहिल्या पावलाला, फळीवर पाय ठेवताना. हे मी तुलाही लिहिलं नव्हतं.

"हसली का?"

हसली होती. चपला काठावर नीट जोडून ठेवल्या आणि हसली.

त्याने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. फळीवर कुठला पाय आधी ठेवला, माझा हात घट्ट धरला होता का, वर चढल्यावर कुणाशी बोलली. मी ड्रम दाखवले ते सांगितलं, तिने वाकून पाहिलं आणि 'हं' म्हणाली ते सांगितलं. 'हं' ऐकून त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "परत पहिल्यापासून सांगा." मी पाच वेळा सांगितलं. बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल चढवत होतं, आम्ही दोघे तो आवाज संपेपर्यंत तसेच बसून राहिलो.

मी म्हटलं, "मला शिव्या द्या. काहीतरी म्हणा."

तो म्हणाला, "देईन. आत्ता जमत नाहीये." उठला, पंखा लावला, माझ्यासमोर पाणी ठेवलं. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आला. मी चपला घालत होते, त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती. वरून त्याचा आवाज आला, "उद्या पण या. याच वेळेला. ऐकायला दुसरं कुणी नाही माझ्याकडे."

उद्या जाणार आहे. परवाही जाईन. बोलवील तोवर जाईन, शिव्या देईल त्या दिवशीसुद्धा.

वहिनीचं कार्ड आलं, तू पंचवीस तारखेला इकडे यायला निघतोयस असं लिहिलंय. किल्ली खालच्या मजल्यावरच्या आजींकडे ठेवते. तू चारनंतर आलास तर कुलूप उघडून पड जरा, प्रवास लांबचा आहे. मी साडेपाचपर्यंत त्याच्याकडे असते.

बारकी